दुसऱ्याचं धड

त्या रविवारी दिपमालाची आई कॅमेऱ्यासमोर नीट बसायला तयारच होईना. जळगावातल्या मेहरूणच्या दोन खोल्यांच्या घराच्या ओट्यावर ती ठिबक सिंचनाचा फिल्टर उघडून बसली होती. मांडीवर जुना टॉवेल, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दुसऱ्या दिवशी सावद्याकडे एका केळीच्या बागेत नळ्या अंथरायच्या होत्या आणि फिल्टरची जाळी गाळानं गच्च झाली होती.

"फोटूच काढना शे ना? मंग काढ," ती मयुरीला म्हणाली. "त्यानासाठे मी कसाले उठू?"

मयुरी हसली. ती जळगावचीच मुलगी. पुण्याला कॅमेरा शिकून परत आली होती आणि ठरवून दिलेलं आयुष्य नाकारणाऱ्या बायकांवर माहितीपट करत खानदेशभर हिंडत होती. चोपड्याकडची बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारी एक, लग्नाशिवाय मूल वाढवणारी पारोळ्याची एक, मुलगा म्हणून जन्मून बाई म्हणून जगणारी शहाद्याकडची एक. आणि या दोघी: प्रमिलाबाई आणि रत्नाबाई.

दिपमाला आतल्या उंबऱ्यावर चहाचा कप घेऊन बसली होती. ती धुळ्याला सासरी राहायची, तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि महिन्यातला एखादा रविवार आईकडे यायची. आईला तिनं साडीत पाहिलं होतं ते फक्त लहानपणी. नऊ वर्षांच्या दिपमालाला घेऊन आईनं धुळ्याजवळचं सासरचं गाव सोडलं. जळगावात डाळमिलमध्ये कामाला लागली, तिथं तिला रत्ना भेटली, रावेरकडची, विधवा. पुढं आई ठिबकच्या फिटिंगचं काम शिकली, पँट-शर्ट घालायला लागली आणि पुरुषांच्या सलूनमध्ये बसून केस कापून आली. शेतकरी तिला आधी चेष्टेनं प्रमिलाभाऊ म्हणायचे. नंतर सवयीनं म्हणायला लागले.

"मयुरी, आरसा दाखव तिले," कोथिंबीर निवडता निवडता रत्नामावशी म्हणाली. "गालाले ग्रीस लागलंय."

"ऱ्हाऊ दे. पावडर समज."

"व्हय तर. काळी पावडर! आमच्या रावेरात म्हशीले लावतात ती."

आई खदखदून हसली. डोळे बारीक झाले. मावशीनं हात लांबवून पदराच्या टोकानं तिचा गाल पुसला आणि तेवढ्यात मयुरीनं फोटो घेतला.

मग तिनं व्हिडिओ सुरू करून विचारलं, "गाव का सोडलं, प्रमिलाताई?"

"मी त्यासले सांगं, मले हाऊ संसार जमाव नही. जेठ बोलना, जमाडी दाखाडतस तुले." आईनं जाळीवर फुंकर मारली. "कापूसनी खोलीमा कोंडेल व्हती मले. जेवण खिडकीमाईन. निंघनू तव्हय ठरायं, आते कोन्ही कोंडाव नही."

"भीती नाही वाटली?"

"वाटनी ना. आजबी वाटस. मंग काय, घरमा बसू?"

मयुरीनं कॅमेरा उंबऱ्याकडे वळवला. "दिपमालाताई, तुम्ही या घरात वाढलात. रत्नाताई तुमच्या कोण?"

प्रश्न सोपा होता. शाळेत जाताना वेण्या घालणारी मावशीच. दहावीच्या परीक्षेत केंद्राबाहेर उन्हात डबा घेऊन बसलेली मावशीच. रात्री आईशी भांडून पाठ फिरवून झोपायची आणि सकाळी आईच्याच कपातला चहा प्यायची तीही मावशीच. दोन बायकांच्या अशा नात्यावरची पुस्तकं दिपमालानं वाचली होती. ग्रंथालयासाठी तिनंच ती मागवली होती. कोणता शब्द वापरायचा हे तिला माहीत होतं.

"रत्नामावशी म्हणजे... आईची मैत्रीण," ती म्हणाली. "घरातल्याच समजा."

"वरण लागलं का बघते," म्हणत मावशी आत गेली. आईनं फिल्टरचं झाकण फिरवून घट्ट केलं, मग पुन्हा एकदा केलं.

दुपारी वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी झाली. मयुरीला आग्रह करकरून वाढलं. संध्याकाळी आईनं दिपमालाला गाडीवरून स्टँडवर सोडलं. धुळ्याची बस लागलेलीच होती.

"पोचनी का फोन कर," आई म्हणाली आणि गाडी वळवून निघून गेली.

मंगळवारी दुपारी केळीच्या बागेत, व्हॉल्व्ह उघडता उघडता, ती छातीवर हात धरून खाली बसली. मजुरांनी उचलून जळगावच्या दवाखान्यात आणलं, पण तोवर संपलं होतं.

*

दिपमाला पोचली तेव्हा रत्नामावशी काउंटरच्या बाजूच्या बाकावर बसली होती. हातात कॅरीबॅग, त्यात आईचे चिखलाचे बूट.

"मले विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण," ती म्हणाली. "मी म्हटलं, एका घरात राहतो. तर ते म्हणे, घरमालकीण का? नवऱ्याले बोलवा."

नवरा आला. दिपमालाचे वडील, नवल. डोक्यावर टोपी, नजर फरशीवर. सोबत त्यांचे मोठे भाऊ, आईचे जेठ, चुडामण नाना. नाना पुढं झाले, बोलले, सह्या केल्या. गेल्या कित्येक वर्षांत या दोघांनी आईला एक फोन केला नव्हता. काडीमोड मात्र झाला नव्हता, आणि तेवढं पुरलं. बाकावर बसलेल्या बाईनं सकाळी तिचा डबा भरला होता, पण त्याची कुठं नोंद नव्हती.

नाना म्हणाले, "गाडी लागेल शे. गावले ली जावूत."

"नाना, आईचं घर इथं आहे," दिपमाला म्हणाली.

"बाईनं घर नवरा जठे ऱ्हास तठे," नाना शांतपणे म्हणाले, जणू लहान मुलीला पाढा सांगत होते. "लोके काय म्हनतीन?"

गावात आईला आंघोळ घालायला नानांची बायको, धुरपदाबाई, पुढं झाली. तिनं कात्रीनं शर्ट कापून काढला. नवरा जिवंत असताना गेलेली बाई म्हणजे सवाष्ण. तिला नवरीसारखी सजवून पोचवायची. माहेरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून हिरवी साडीही धुरपदाबाईनंच आणली. नळ्या ओढून ओढून जाड झालेल्या मनगटांत बांगड्या जाईनात. तिनं साबण लावून घुसवल्या. एक फुटली. अंबाडा घालायला केस नव्हते, तर गजरा दोऱ्यानं डोक्याभोवती बांधला. कपाळभर मळवट भरला.

"सवाशीन गयी वं माय, भाग्यानी शे," बायका एकमेकींना सांगत होत्या आणि आईच्या पायांना हात लावत होत्या.

दिपमाला भिंतीला टेकून उभी राहिली. आतून इतकी चीड उसळत होती, की तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची तिला धास्ती वाटली. घरच्या गाडीत मावशीला कुणी घेतलं नव्हतं. ती बसनं आली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली. "हाई कोन?" असं कुणीतरी विचारलं. "जळगावनी शेजारीण," धुरपदाबाई म्हणाली. मावशीला आईच्या जवळ जाता आलं नाही. लांबूनच तिनं ती हिरवी साडी पाहिली आणि डोक्यावरून पदर घेऊन तोंड झाकलं.

*

चार-पाच दिवसांनी नानांचा फोन आला. "दिपू, तुन्हा मोबाइलमा मायना एखादा चांगला फोटू शे का? गंधमुक्तीना बॅनर करना शे."

गंधमुक्ती म्हणजे सुतकाच्या दिवसांचा शेवट. त्या दिवशी मांडव पडतो, गाव जेवतं, सोयरे दुखवटा घालतात. तोवर रोज माणसं दारावर येऊन बसून जातात. दिपमालाकडे एकच चांगला फोटो होता. मयुरीनं त्याच आठवड्यात पाठवलेला ओट्यावरचा. तिनं तो पाठवला. नाना मावशीला कापून काढतील, हे तिला कळत होतं. एवढंच करतील, असं तिला वाटलं.

बॅनर दुसऱ्याच दिवशी घरच्या ग्रुपवर आला.

तोंड आईचं होतं. हसून बारीक झालेले तेच डोळे. हनुवटीखाली मात्र एक गोरी, भरल्या अंगाची बाई हात जोडून उभी होती. हिरवी जरीची साडी, गळ्यात मंगळसूत्र आणि सोन्याचा हार, बोटांना मेंदी. डोक्यावर खोटा अंबाडा, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: कै. सौ. प्रमिलाबाई. त्याखाली ग्रुपवरच्या माणसांनी जोडलेल्या हातांची रांग लावली होती.

दिपमालानं कॉलेजातून अर्धी रजा टाकली आणि रिक्षा करून बॅनरवर नाव असलेला स्टुडिओ गाठला. स्टुडिओवाला कुंदन अगदी आदबीनं बोलला. खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"ताई, काम आवडलं का? नानांनी सांगितलं, सवाष्ण दिसली पाहिजे."

"हे अंग कुणाचं आहे?"

"तयार असतात आपल्याकडे." त्यानं कॉम्प्युटरचा स्क्रीन तिच्याकडे वळवला. बिनडोक्याची माणसं ओळीनं उभी होती. कोट-टायवाला, फेटेवाला, नऊवारीवाली, हिरव्या साडीवाली. "गावाकडच्या बायांचे फोटो कुठं असतात ताई? आधार कार्डावरून घ्यावं लागतं. तुमच्या मातोश्रींचा चेहरा एकदम क्लिअर मिळाला. फक्त गालावर कुणाचा तरी पदर आला होता. तो काढायला लई वेळ गेला."

ती त्या धडांकडे बघत राहिली, म्हणून त्याला वाटलं काहीतरी कमी पडलंय. "हार अजून मोठा करू का?"

"माझ्या आईच्या अंगात शर्ट होता," दिपमाला म्हणाली. "तो ठेवा. आहे तसा फोटो छापा."

कुंदनचा चेहरा पडला. "ऑर्डर नानांची आहे ताई. आणि शर्टात... लोक विचारतील ना, भाऊ गेला का बाई गेली?"

दिपमाला उठली. त्या माणसावर ओरडण्यात काही अर्थ नव्हता. तो गिऱ्हाईक मागेल ते देत होता. जिवंतपणी जिला कोंडून बदलता आलं नाही, तिला मेल्यावर कापून, चिकटवून बदललं होतं, आणि त्यासाठी लागलेलं तोंड दिपमालानं स्वतः पुरवलं होतं.

नानांकडे ती त्याच संध्याकाळी गेली. नाना अंगणात खाटेवर बसले होते, बाजूला वडील.

"बॅनर बदला, नाना."

"बस. चहा ली." नानांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "गंधमुक्तीले तू बोलशी. तू शिकेल शे, तुन्हं लोके ऐकतस. तीनच वाक्यं बोल. मायनी कष्ट करात. कामनासाठे जळगावले राहिनी. नवलना मान राखा. बस."

"ती कामासाठी गेली नव्हती."

"माहीत शे मले कसाले गयथी!" नानांचा आवाज चढला. मग त्यांनी तो खाली आणला. "आते ती गयी. तुले सासर शे, आमले गाव शे. आनि त्या कॅमेरावाली पोरले सांग, आमना घरनी बाई पिच्चरमा नको. ती दुसरी बाईबी येवाले नको."

"बाबा?" ती वडिलांकडे वळली.

नवलनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "नाना सांगतस तसं कर, बेटा."

रात्रीच्या बसमध्ये बसण्याआधी तिनं स्टँडवरूनच मावशीला फोन लावला.

"मी नाही येत, माय," मावशी म्हणाली. "तुह्या सासरी कळंल. इतके दिवस सांभाळलं आपण."

"काय सांभाळलं, मावशी?"

"तुलेच विचारते मी," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच धार होती. "मह्यं काय सांभाळलं कोणी? घरात हिचे कपडे तसेच टांगलेत. दारावर कोणी येत नाही. कोणाच्या दारावर येतील? मी कोण? एक शेजारीण आली, ती म्हणे, आता दुसरी भाडेकरू पाह्य."

"मी घ्यायला येते तुला," दिपमाला म्हणाली. "आपण दोघी जाऊ."

*

मांडव भरला होता. समोर बॅनर, त्यापुढं पाट, पाटावर फुलं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. दिपमाला मावशीचा हात धरून आत आली तशी धुरपदाबाई कमरेवर हात ठेवून आडवी आली.

"हाई कसाले आनी?"

"जेवायला," दिपमाला म्हणाली. "सगळ्या गावाला बोलावलंय ना?"

"मंग मांगे बसाड. पुढला बायकासमा घरना लोके बठतस."

मावशी स्वतःच मागं गेली आणि भांडी ठेवलेल्या कोपऱ्यात, गावातल्या दोन म्हाताऱ्यांशेजारी बसली. बॅनरकडे तिनं एकदा पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, माणूस ओळखू येत नसलं की पाहतात तसं.

माइक रुपचंदकडे होता. गावातल्या प्रत्येक गंधमुक्तीला तोच बोलायचा, चांगला पहाडी आवाज होता त्याचा. दोन पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली. एकानं प्रमिलाबाईंना आदर्श गृहिणी म्हटलं, दुसऱ्यानं त्यांच्या हातच्या पुरणपोळीची आठवण सांगितली. आईला आयुष्यात पुरणपोळी जमली नव्हती. तिनं एकदा केली तेव्हा मावशीनं त्या पोळीला पाइपचं पॅकिंग म्हटलं होतं.

"आता दुखवटा," रुपचंद म्हणाला. "पहिला मान नवलभाऊंचा."

ज्याचं माणूस गेलं, त्याला सोयऱ्यांनी नवं कापड घालायचं, दुःख तुझं आहे आणि आम्ही ते मानतो, एवढंच त्याचं सांगणं. व्याही उठले. नवलच्या डोक्यावर एकावर एक टोप्या चढल्या, खांद्यावर उपरणी पडली. आईचा आवडता रंग कोणता, हे या माणसाला सांगता आलं नसतं. त्याच्या गळ्यात सगळ्या गावाचं सांत्वन पडत होतं आणि तो मान खाली घालून ते घेत होता. मग धुरपदाबाईला साडी मिळाली, जाऊ गेली म्हणून. मग दिपमालाला. एक, दोन, तीन साड्या मांडीवर पडल्या. तिनं मागं वळून पाहिलं. मावशीचे दोन्ही हात रिकाम्या ओच्यात होते. शेजारच्या म्हाताऱ्या तिला विचारत होत्या, कुठल्या तुम्ही, कोणाकडून आलात.

"आता प्रमिलाबाईंची कन्या, धुळ्याला मोठ्या कॉलेजात असतात, दोन शब्द बोलतील," रुपचंदनं पुकारलं.

नानांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. तीनच.

दिपमाला उठली. मांडीवरच्या साड्या खाली पडल्या. तिनं माइक घेतला आणि तो हातात सरळ धरला.

"नानांनी मला तीन वाक्यं दिली होती. ती मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "समोर बॅनर लावलाय, त्यावर माझ्या आईचं फक्त तोंड आहे. खालचं धड कुणाचं, ते स्टुडिओवाल्यालाही माहीत नाही. माझी आई शर्ट-पँट घालायची. ठिबकच्या नळ्या अंथरायची. पुरणपोळी तिला येत नव्हती."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"ती कामासाठी जळगावला गेली नव्हती. ती इथून पळाली. या घरात कापसाच्या खोलीत तिला कोंडलं होतं, म्हणून पळाली. खोली अजून आहे, जेवणं झाली की बघून या."

"दिपू!" नाना उभे राहिले. "रुपचंद, माइक बंद कर!"

"गंधमुक्ती माझ्या आईची आहे, नाना. खाली बसा." मांडवात कुजबूज सुरू झाली. वडिलांनी वर पाहिलं. टोप्यांच्या त्या ढिगाखाली त्यांचा चेहरा लहान दिसत होता. "बाबा, तुम्ही टोप्या घेतल्या. आई कशानं गेली, शेवटी काय जेवली, कुठल्या कुशीवर झोपायची, यातलं काही माहीत आहे तुम्हाला? मागं भांड्यांजवळ एक बाई बसल्यात. त्यांना माहीत आहे. रत्नाबाई नाव त्यांचं. दवाखान्यात त्यांना घरमालकीण म्हटलं, इथं शेजारीण म्हटलं. मी पण त्यांना आईची मैत्रीण म्हणत आले, सासरी, कॉलेजात, सगळीकडे. आईच्या तोंडावर म्हटलं, आणि आईनं ते ऐकून घेतलं."

रुपचंदचा हात मशिनच्या बटणापर्यंत गेला होता. तो नानांकडे बघत होता, मग तिच्याकडे.

"थांबा, रुपचंदभाऊ, एकच वाक्य राहिलंय," दिपमाला म्हणाली. ती पुरुषांकडे नाही, बायकांकडेही नाही, त्या मागच्या कोपऱ्याकडे वळली. मावशी उठून उभी राहिली होती, एका हातानं मांडवाचा बांबू धरून. "माझ्या आईचं या बाईवर प्रेम होतं. बाई नवऱ्यावर करते तसलं प्रेम. जन्मभर. मला या दोघींनी वाढवलं, आणि ज्याला कुणाला दुखवटा घालायचाय, त्यानं तिकडे जाऊन घालावा."